जे-३५ए रडारला किती दिसेल? फोटोवरून काय कळतं, काय कळत नाही

प्रश्न थोडक्यात असा: चीनचं जे-३५ए हे लढाऊ विमान पाकिस्तानला मिळणार अशा बातम्या आहेत. ते खरोखर स्टेल्थ, म्हणजे रडारवर फार कमी दिसणारं, आहे की अमेरिकेच्या एफ-३५ची वरवरची नक्कल? आणि आपल्या सुखोई-राफेलच्या रडारला ते दिसेल का?

माझी सगळी नोकरी रडारवर गेली, त्यामुळे या विमानाकडे मी पडद्यासमोर बसणाऱ्याच्या नजरेने बघतो. आधी निकाल सांगून टाकतो. विमानाचा आकार अस्सल स्टेल्थ आहे. समोरून येताना लढाऊ विमानांच्या रडारला ते फार उशिरा दिसेल, हे धरूनच चालायला हवं. रडारवर ते 'नक्की किती चौरस मीटर'एवढं दिसतं, याचा खरा आकडा चीनबाहेर उघडपणे कुठेच नाही. यूट्यूबवर जे आकडे ठणकावून सांगतात ते अंदाजावर अंदाज रचून काढलेले असतात. आणि त्या आकड्यावर लोक जेवढी डोकेफोड करतात तेवढं त्याचं मोलही नाही. का, ते पुढे गणित मांडून दाखवतो.

आधी विमानाची कुळकथा. शेनयांगच्या कारखान्याचं एफसी-३१ हे याचं मूळ रूप. ते ३१ ऑक्टोबर २०१२ रोजी पहिल्यांदा उडालं. २०१४ मध्ये चीनमधल्या झुहाईच्या एअर शोमध्ये लोकांनी पाहिलं तेव्हा त्याला रशियन आरडी-९३ इंजिनं होती, म्हणजे पाकिस्तानच्या जेएफ-१७ला असतं तेच इंजिन, आणि मागून चांगला काळा धूर निघत होता. पुष्कळांनी नाकं मुरडली. चिनी हवाई दलाने तोवर चेंगदूच्या कारखान्याच्या जे-२० या दुसऱ्या स्टेल्थ विमानावर पैसे लावले होते, त्यामुळे या विमानाला घरातही कुणी वाली नव्हता. पुढे नौदलाने हात दिला. विमानवाहू जहाजासाठी पंख दुमडणारं जे-३५ ऑक्टोबर २०२१ मध्ये उडालं. हवाई दलाचं जे-३५ए नोव्हेंबर २०२४ मध्ये झुहाईला जगासमोर आलं आणि ३ सप्टेंबर २०२५ला बीजिंगच्या संचलनात जे-२०च्या जोडीने डोक्यावरून गेलं. (फोटोत दोन्ही ओळखायची सोपी खूण: नौदलाच्या विमानाला नाकाखालच्या पायात दोन चाकं, हवाई दलाच्या विमानाला एक.)

नकलेच्या आरोपात तथ्य नाही असं नाही. सू बिन नावाच्या चिनी व्यावसायिकाने अमेरिकेच्या एफ-२२, एफ-३५ या लढाऊ आणि सी-१७ या मालवाहू विमानाची माहिती चोरण्याच्या कटात भाग घेतल्याचं २०१६ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात कबूल केलं. पण चोरलेल्या नकाशावरून आकार मिळतो, पत्रे जोडतानाची अचूकता मिळत नाही. ती कारखान्यातच कमवावी लागते, आणि शेनयांगने त्यासाठी दहा-बारा वर्षं खर्ची घातली आहेत. म्हणून 'कॉपी आहे' म्हणून सोडून देणं मला धोक्याचं वाटतं.

आता फोटो कसा वाचायचा. वरून काढलेला चांगला फोटो घ्या आणि स्क्रीनवर पट्टी ठेवा. पंखाची पुढची कड ज्या तिरक्या रेषेत आहे, त्याच रेषेत मागच्या आडव्या शेपटीची पुढची कड आहे का बघा. मग दारांच्या कडा आणि हवा आत घेणाऱ्या तोंडाच्या कडा बघा. विमानाच्या प्रत्येक सरळ कडेवरून रडारची लहर एका ठरावीक दिशेला उसळते. कडा दहा वेगवेगळ्या दिशांना असतील तर उसळीही दहा दिशांना जाणार, आणि त्यातली एखादी तुमच्या रडारकडे येणारच. सगळ्या कडा दोन-चार दिशांत बसवल्या की उसळी त्या दोन-चार दिशांतच जाते, बाकी सगळीकडे शांतता. जे-३५एमध्ये हे बऱ्यापैकी काटेकोर पाळलेलं दिसतं.

दुसरी खूण कोपऱ्यांची. भिंती काटकोनात मिळतात त्या कोपऱ्यात चेंडू मारला तर तो फिरून तुमच्याकडेच येतो. रडारची लहरही तसंच करते. जुन्या मिग-२१ची किंवा सुखोई-३०ची उभी शेपटी आणि आडवा पंख मिळून असेच काटकोन करतात. जे-३५एच्या दोन्ही शेपट्या बाहेर कललेल्या आहेत, बाजूचे पत्रेही त्याच अंशात कललेले, त्यामुळे काटकोन कुठे सापडत नाही. शस्त्रं पोटात आहेत, पंखाखाली लटकलेली नाहीत. हवा आत घेणाऱ्या तोंडाजवळ एक फुगवटा आहे. तो हवेचा वेग सांभाळतोच, शिवाय इंजिनाच्या फिरत्या पात्यांवर थेट नजर पडू देत नाही. हे तंत्र अमेरिकेने १९९६ मध्ये एफ-१६वर तपासून पाहिलं होतं. चीनने ते जेएफ-१७वर, मग जे-१०बीवर आणि जे-२०वर आणलं, म्हणजे त्यांच्या हाताला ते आता चांगलं बसलं आहे. इंजिनाची पाती झाकण्याला रडारवाले फार महत्त्व देतात. पाती फिरत असल्यामुळे परत येणाऱ्या लहरीवर त्यांचा शिक्का उमटतो, आणि त्यावरून समोर कोणतं विमान आहे हेसुद्धा सांगता येतं.

मागून बघितलं तर चित्र एवढं चांगलं नाही. दोन गोल नळकांडी उघडी आहेत. एफ-२२ने तिथे चपट्या नळ्या बसवल्या आणि त्यासाठी वजन सोसलं. जे-३५एने, एफ-३५प्रमाणेच, ते टाळलं. म्हणजे समोरून ते लपतं, मागून आणि काही बाजूच्या कोनांतून तितकंसं नाही. स्टेल्थ विमानाला म्हणून येताना-जाताना वाट निवडावी लागते, कुठल्या रडारला आपला कुठला कोन दाखवायचा हे ठरवावं लागतं.

फोटोत अजिबात दिसत नाही ती गोष्ट म्हणजे रडारची लहर शोषणारा लेप, फटी आणि देखभाल. दोन पत्र्यांमधली फट, वर आलेला एखादा स्क्रू, काचेवरचा धातूचा पातळ थर, दारांच्या कडेचं सील, यांतलं काहीही बिघडलं तर आकाराने कमावलेलं हातचं जातं. झुहाईला २०२४ मध्ये रशियाने सुखोई-५७ या आपल्या स्टेल्थ जातीचं एक विमान जमिनीवर मांडलं होतं. त्याच्या अंगावरचे स्क्रू आणि ओबडधोबड जोड मोबाईलने टिपून लोकांनी त्याची भरपूर टिंगल केली. ते जुनं चाचणी-विमान होतं, त्यामुळे टिंगल पूर्ण न्याय्य नव्हती, पण लोकांनी बोट बरोबर जागी ठेवलं होतं. जे-३५एचे पत्रे फोटोत नीटनेटके दिसतात. तीन वर्षं रोज उडाल्यावर ते कसे असतील, हा प्रश्न वेगळा.

आता तो आकडा. रडार क्रॉस सेक्शन, म्हणजे आरसीएस, चौरस मीटरमध्ये मोजतात, आणि बातम्यांत 'गोटीएवढं दिसतं' असं छापून येतं. गोम अशी की रडारचा पल्ला आरसीएसच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे आरसीएस दहा हजार पटीने घटलं तरी पल्ला दहापटच घटतो. समजा एक रडार १० चौरस मीटरचं विमान २०० किलोमीटरवरून पकडतं. शस्त्रं लादलेलं मोठं लढाऊ विमान साधारण या वर्गात धरतात. मग १ चौरस मीटरचं विमान ते ११२ किलोमीटरवरून पकडेल. ०.१ चौरस मीटरचं ६३ वरून, ०.०१चं ३६ वरून आणि ०.००१चं २० वरून.

या ओळी पुन्हा वाचा. आरसीएस दहापट घटलं की एक पायरी धरू. पहिल्या दोन पायऱ्यांत १३७ किलोमीटर गेले. पुढच्या दोन पायऱ्यांत फक्त ४३. आणि प्रत्येक पुढची पायरी आधीपेक्षा कितीतरी महाग आणि सांभाळायला अवघड. जे-३५ए ०.०१वर आहे की ०.००१वर यावर लोक रात्र-रात्र भांडतात, पण आपल्या रडारच्या बाजूने तो ३६ विरुद्ध २० किलोमीटरचा वाद आहे. त्याच्या पोटातल्या क्षेपणास्त्राचा पल्ला या दोन्हींच्या कितीतरी पलीकडे जातो. पीएल-१५ या चिनी क्षेपणास्त्राची निर्यातीची आवृत्ती चीन प्रदर्शनात १४५ किलोमीटरची म्हणून मांडतो. प्रत्यक्ष लढाईत, लक्ष्य वळून पळू लागलं की, ते अंतर बरंच घटतं, तरी ३६च्या वरच राहतं. म्हणून मी आकड्याच्या वादात पडत नाही. 'पहिल्या दोन पायऱ्या उतरला आहे का?' एवढंच विचारतो, आणि आकार बघता उत्तर 'हो' असंच येतं.

याचा दुसरा परिणाम जमिनीवरच्या रडारांवर होतो आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. दोन रडार एकमेकांपासून १५० किलोमीटरवर आहेत असं धरा. पल्ला ११२ असेल तर दोघांची वर्तुळं एकमेकांत चांगली शिरलेली असतात, मधून उंदीरही जायचा नाही. पल्ला ३६वर आला की मधे ७८ किलोमीटर रुंद मोकळी वाट पडते. रडार तेच, माणसं तीच, पण कालपर्यंत बंद असलेली सीमा आज चाळणी झाली. स्टेल्थ विमान तुमच्या डोक्यावरून अदृश्यपणे जात नाही, ते अशा वाटेने जातं. म्हणून त्याला उत्तर देताना रडार किती तगडं यापेक्षा ती किती आहेत, कुठे आहेत आणि एकमेकांशी किती पटकन बोलतात, हे जास्त मोलाचं ठरतं.

'मग व्हीएचएफ रडार लावा, त्यांना स्टेल्थ दिसतं' असा सल्ला प्रत्येक चर्चेत कुणीतरी देतोच. व्हीएचएफ म्हणजे लांब लहरींवर चालणारं रडार. यात अर्धं सत्य आहे. लढाऊ विमानांची रडारं एक्स बँडवर चालतात, तिथे तरंगलांबी साधारण ३ सेंटिमीटर. लहर शोषणाऱ्या लेपाची जाडी ढोबळमानाने तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाची लागते, म्हणजे इथे काही मिलिमीटर. ते जमतं. व्हीएचएफमध्ये तरंगलांबी २ मीटरच्या आसपास, म्हणजे त्याच हिशेबाने लेप अर्धा मीटर जाड लागेल. ते जमण्यासारखं नाही. शिवाय शेपटीसारखा भाग आणि लहर एकाच मापाचे झाले की तो भाग घुमायला लागतो, म्हणजे लहर जोरात परत फेकतो, आणि कडा तिरक्या असल्याचा फायदा निघून जातो. तेव्हा हो, व्हीएचएफला जे-३५ए आधी दिसेल.

पण कुठे दिसेल? रडारच्या झोताची रुंदी तरंगलांबी भागिले अँटेनाची रुंदी एवढी असते (रेडियनमध्ये). २ मीटरची लहर आणि १० मीटरचा अँटेना घेतला तर झोत ११-१२ अंशांचा होतो, म्हणजे १०० किलोमीटरवर २० किलोमीटर रुंद. गणिताच्या युक्त्यांनी जागा याहून बरीच बारीक सांगता येते, तरी एवढ्यावर क्षेपणास्त्र शेवटपर्यंत नेता येत नाही. 'पूर्वेकडून काहीतरी येतंय' एवढं कळतं. ते कळणंही मोठं आहे, कारण मग बाकीच्या रडारांना नेमकं कुठे ताकद लावायची ते सांगता येतं.

२७ मार्च १९९९ला, नाटोच्या हवाई हल्ल्यांत, सर्बियात अमेरिकेचं एफ-११७ हे स्टेल्थ विमान पाडलं गेलं ते असंच. तिथले लष्करी अधिकारी झोल्तान दानी यांच्या तुकडीकडे पी-१८ हे जुनं व्हीएचएफ रडार आणि त्याहून जुनी एस-१२५ क्षेपणास्त्रं होती. अमेरिकेची विमानं त्याच-त्याच वाटांनी येत होती, दानींची माणसं जागा बदलत राहायची आणि नेमबाजीचं रडार काही सेकंदांपुरतंच चालू करायची. विमान बरंच जवळ आल्यावर ते पकडलं आणि पाडलं. या घटनेवरून 'स्टेल्थ भंपक असतं' असं म्हणणारे हे विसरतात की त्या संपूर्ण युद्धात दुसरं एफ-११७ पाडल्याचा निर्विवाद पुरावा नाही. शिस्तीची तुकडी आणि पलीकडचा आळस दोन्ही जुळून यावे लागले.

(जाता जाता: २६ डिसेंबर २०२४ला चेंगदूवर भर दिवसा उडालेलं तीन इंजिनांचं चिनी विमान आठवा, ज्याला लोक जे-३६ म्हणतात. त्याला उभी शेपटीच नाही. व्हीएचएफमध्ये घुमणारा मोठा भागच त्यांनी काढून टाकला. मला त्या विमानाची काळजी जे-३५एपेक्षा जास्त वाटते, पण तो वेगळा विषय आहे.)

आता 'सुखोईला दिसेल का'. २०१८ मध्ये सुखोईच्या रडारला जे-२० दिसतं अशा बातम्या आपल्याकडे झळकल्या आणि पुष्कळांना धीर आला. मला तेव्हाही त्याचं फारसं कौतुक वाटलं नाही. शांततेच्या काळात स्टेल्थ विमानं पोटाखाली ल्युनबर्ग लेन्स नावाचा छोटा गोळा बऱ्याचदा लावून उडतात. तो येणारी लहर मुद्दाम परत पाठवतो, म्हणजे आपल्याच हवाई वाहतूक नियंत्रकांना विमान दिसावं आणि शेजाऱ्यांना खरा आकडा कळू नये. जे-२०च्या फोटोंत असा गोळा दिसलेला आहे. तो लावलेलं विमान दिसलं तर त्यात विशेष काही नाही.

ओझरला जुळलेल्या आणि लोहगाववरून उडणाऱ्या सुखोई-३०एमकेआयचं बार्स रडार ताकदवान आहे, पण ते एक्स बँडचं आहे, म्हणजे जे-३५ए ज्याच्यापासून लपण्यासाठी बनवलं त्याच पट्ट्यातलं. उलट सुखोई स्वतः रडारवर चांगलाच ठसठशीत दिसतो. दोघेच समोरासमोर आले तर आधी कोण कोणाला बघेल याबद्दल मला शंका नाही. राफेलची स्थिती बरी आहे, कारण तो लहान दिसतो आणि त्याची स्पेक्ट्रा यंत्रणा शत्रूच्या रडारच्या लहरी ऐकून दिशा सांगते. सुखोईच्या नाकाशी उष्णता पाहणारी यंत्रणा आहे, तिला आरसीएसशी देणंघेणं नाही. मात्र ढग आणि दमट हवा तिचा पल्ला खातात आणि अंतर ती नीट सांगत नाही.

पण 'दोघेच समोरासमोर' ही व्हिडिओ गेममधली लढाई झाली. मे २०२५च्या संघर्षात पाकिस्तानने चिनी जे-१०सी विमानं आणि पीएल-१५ वापरली. पीएल-१५चे अवशेष पंजाबात होशियारपूरजवळ सापडले. कोणाचं काय पडलं यावर दोन्हीकडून वेगवेगळे दावे आहेत, त्यात मी शिरत नाही. लक्षात घ्यायचं ते हे की जे-१०सी स्टेल्थ नाही. धोका तयार झाला तो लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र, मागे उडणारं टेहळणी विमान आणि त्यांच्यात माहिती पोचवणारी रेडिओची जोडणी, म्हणजे डेटालिंक, यांच्या साखळीतून. जे-३५ए या साखळीत बसलं तर ते स्वतःचं रडार बंद ठेवून पुढे सरकू शकतं. नेम मागच्या विमानाने धरायचा, क्षेपणास्त्र याने सोडायचं. रडार चालू केलं की ऐकणाऱ्याला पत्ता लागतो, बंद ठेवलं तर तेही नाही. त्याची खरी ताकद मी इथे मोजेन. आणि ती मोडायची तर मागचं टेहळणी विमान लांब रेटायचं आणि डेटालिंकमध्ये गोंधळ घालायचा. ते विमान स्टेल्थ नसतं, मोठं आणि संथ असतं.

पाकिस्तानबद्दल सांगायचं तर जून २०२५ मध्ये तिथल्या सरकारने चीनने ४० जे-३५ देऊ केल्याचं जाहीर केलं आणि नंतर त्यांचेच संरक्षणमंत्री ख्वाजा आसिफ यांनी ही गोष्ट माध्यमांतच आहे अशा सुरात विषय हलका केला. विमान आलं तरी लेपाची देखभाल, त्यासाठीचे बंदिस्त हँगर, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि मोहिमेआधी शत्रूच्या रडारांचा नकाशा बघून वाट आखणारी माणसं उभी करायला वर्षं लागतात. पहिली चार विमानं धावपट्टीवर उतरल्याच्या फोटोने कुणी झोप उडवून घेऊ नये. चौथ्या वर्षी ती किती उडताहेत ते बघावं.

पुढे या विमानाचे नवे फोटो येत राहतील. ते आले की मी चार ठिकाणी बघेन. इंजिनाच्या नळकांड्यांच्या कडा दातेरी आहेत की साध्या. कललेल्या शेपटीच्या मुळाशी आणि शस्त्रांच्या दारांपाशी लेप उडालेला किंवा ठिगळ लावलेलं दिसतं का. पोटाखाली तो गोळा आहे की नाही. नसेल तर त्या दिवशी ते काहीतरी गंभीर सराव करत होते. आणि शेपटीवरचे क्रमांक: कुठल्या तुकड्यांचे आहेत आणि सहा महिन्यांत किती नवे दिसले. यातल्या शेवटच्या गोष्टीला मी सगळ्यात जास्त गुण देतो.